जैबुनबी अन् न दुखणारा डोळा

माह्या आलूच्या टोपल्यातले दोन-चार मोठे आलू रोज मी बाजूले काढून ठेवत असे. ते जैबुनबीचे. कायले, म्हणून आमच्या गल्लीत कोणी विचारत नसे. पांढरकवड्यात हैदराबाद रोडले लागून ट्रॉल्या बनवायच्या अन् ट्रकचे फाळके सुधारायच्या दुकानाईची ही गल्ली, अन् मी विमल, तिच्या तोंडाशी चहा अन् आलूबोंड्याचा ठेला लावते. दिवसभर समोर वेल्डिंग चालू. ज्याच्या डोळ्यात आर्क, म्हणजे वेल्डिंगचा झगझगीत उजेड, गेला तो पोट्टा संध्याकाळी भिंत धरत-धरत जैबुनबीच्या ओट्यावर जाऊन बसणार, हे ठरलेलं.

आर्क लागते तवा लगेच कळत नाही. दिवेलागणीले डोळ्यात रेती भरल्यावाणी होते, पाणी थांबत नाही, पापणी उघडत नाही. चांगला मिशीवाला माणूस लेकरावाणी रडते. जैबुनबी कच्चा आलू किसणार, ओल्या मलमलीत बांधणार अन् डोळ्यावर ठेवणार. ठेवता ठेवता तोंड चालूच. "काच हातात होती ना मेल्या? मंग तोंडासमोर कोण धरणार, तुही सासू?" रूपसिंग नावाचा एक वेल्डर आहे, तांड्यावरचा, पहाडासारखा गडी. तोही तिच्यासमोर मान खाली घालून बसते. मी स्वतः पाह्यलं आहे.

हे ती शिकली नवऱ्याच्या डोळ्यावर. हबीबमिस्त्री या गल्लीतला जुना वेल्डर. तो पोटाच्या आजारानं गेला, पण बीचा ओटा काही बंद पडला नाही. उलट ती सकाळी गल्लीतून फिरून एकेकाची वेल्डिंगची काच घेणार अन् सूर्याकडे धरून पाहणार. सूर्य नुसती टिकली दिसला तर काच चांगली. डोळा दिपला तर काच तिथंच आपटून फोडणार, म्हणजे पोट्टा परत वापरणारच नाही. तिच्याशी कोणी हुज्जत घालत नसे, मालकही नाही.

अन् तिचा एकच कायदा होता. "दुखते का? झोंबते का? पाणी येते का?" होय म्हटलं तर आलू. नाही म्हटलं तर, "जा मंग, जेव जाऊन." झोंबते म्हणजे डोळा आग बाहेर टाकून राह्यला, असं तिचं म्हणणं. इतक्या वर्साईत तिचा कायदा कधी चुकला नाही. आर्कपुरता तो खराच होता, हे मी आजही म्हणते.

मंग अमरची मशीन आली.

अमर म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या फॅब्रिकेशनच्या दुकानाचा मालक. घरी कापसाची, तुरीची शेती, नागपूरले शिकलेला, बोलणं असं गोड की माणूस चहाचे पैसे मागायचे विसरून जाईन. त्यानं लेझरवर वेल्डिंग करायची मशीन आणली. हातात धरायची गन, तिच्यातून उजेड निघते अन् स्टीलले स्टील जोडते. ना रॉड, ना धूर, अन् सांधा असा की बोट फिरवलं तर समजू नये. गन चालवायले त्यानं शादाबले उभं केलं. शादाब जैबुनबीचा एकुलता एक, गल्लीतला सगळ्यात साफ हात त्याचा. बीनं त्या दिवशी घरोघरी पेढे वाटले. मले दोन दिले, एक आलूचा म्हणून.

मशीन बसवायले जो माणूस आला होता, त्यानं दुकानाच्या कोपऱ्यात पत्र्याची बंद खोली करवून घेतली. मी चहा घेऊन गेलती, म्हणून मीही ऐकलं. तो सांगे, तुम्हाले जी चमक दिसते ती काहीच नाही, खरं जाळणारा उजेड डोळ्याले दिसतच नाही. चकचकीत स्टीलवरून तो उसळून कुठंही जाते. या खोलीत हा चष्मा घातल्याशिवाय कोणी पाय ठेवायचा नाही. कोणता उजेड अडवते ते चष्म्याच्या काठावर छापलेलं आहे, ते पाहूनच चष्मा घ्यायचा. अन् ही क्लिप कामाच्या लोखंडाले लावायची. गनचं तोंड लोखंडाले टेकलं तरच उजेड निघन, उचललं की बंद. अमर "हो, हो" करत होता. मान तर अशी हलवे की पाठ करून राह्यला.

तो माणूस गेला अन् पंधरवड्यात खोली गेली. अमर म्हणे, आतमध्ये भट्टी होते, पोट्टा उकडून मरन. आमच्याकडचा उन्हाळा पाहता ते खोटं नव्हतं. पण मंग खोलीले पंखा लावता आला असता, कूलर लावता आला असता. खरी गोष्ट वेगळी होती. बंद खोलीत गिऱ्हाइकाले मशीन दिसत नव्हती. पत्रे निघाले अन् तिथं गिऱ्हाइकासाठी लाल खुर्च्या आल्या. लोक बसून पाहत, मोबाइलवर काढत, मी त्याईले चहा नेऊन देत असे.

क्लिप घडीघडी काढा-लावायले वेळ जाते म्हणून तांब्याच्या तारेनं ती गनच्या तोंडालेच बांधून टाकली. मशीनले वाटे, गन सदाची लोखंडाले टेकलेलीच आहे. अन् चांगला चष्मा पडून फुटला, तर अमर म्हणे, "मागवला आहे, येऊनच राह्यला." तो येईपर्यंत बाजारातून हिरवा चष्मा आणला. त्याच्या काठावर काही छापलेलं नव्हतं.

तो हिरवा चष्मा जैबुनबीनं सूर्याकडे धरून पाह्यला. माह्या ठेल्यासमोर, भर उन्हात. सूर्य टिकलीएवढा दिसला. "चांगला काळा आहे," ती म्हणे अन् पोराच्या हातात दिला. अमर तिथंच उभा होता. हसून म्हणे, "बीनं पास केला म्हणजे झालं." तो हसला ते मी आजवर विसरली नाही, अन् विसरणारही नाही.

मंग ते रेलिंगचं काम आलं. नेरच्या एका मंगल कार्यालयाची जिन्याची रेलिंग, पॉलिश केलेली, तोंड दिसन अशी. शादाब वाकून सांधा भरत होता. गनचं तोंड गोल पाइपवरून घसरलं. क्लिप लोखंडाले असती तर उजेड तिथंच बंद पडला असता. क्लिप तर गनलेच बांधलेली, उजेड चालूच राह्यला अन् पॉलिशवरून उसळला. शादाब म्हणते, एक पांढरी चमक आली, बस. त्यानं डोळे मिचकावले अन् सांधा पुरा केला. खुर्चीवरच्या एकानं टाळ्याही वाजवल्या.

संध्याकाळी तो आईच्या ओट्यावर येऊन बसला, बाकीचे बसत तसाच. मी आलू द्यायले गेलती. बीनं विचारलं, "दुखते का?"

"नाही."

"झोंबते? पाणी?"

"काहीच नाही अम्मी. उजव्या डोळ्यासमोर जरा डाग वाटते."

"उन्हानं वाटत असन. जा, जेव," असं म्हणून तिनं माहे आलू मले परत दिले.

सकाळी शादाब तोंड धुऊन भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभा राह्यला. डावा डोळा झाकून पाहे, मंग उजवा झाकून पाहे. बीले वाटलं, सुट्ट्या मोजून राह्यला. तो म्हणे, "अम्मी, उजव्यानं जी तारीख पाहायले जातो तीच दिसत नाही. तिच्या आजूबाजूच्या साऱ्या दिसतात." बी हसली. मंग तिनं त्याच्या तोंडाकडे पाह्यलं अन् ठेल्यावर मले बोलवायले आली, पायात चप्पल नव्हती.

आम्ही तिघं एसटीनं यवतमाळले गेलो. डोळ्याच्या डॉक्टरीणबाईनं औषध टाकून पाह्यलं, मशीनवर हनुवटी ठेवून पाह्यलं, अन् काय काम करते ते खोदून खोदून विचारलं. मंग खुर्ची ओढून बीच्या समोर बसली. म्हणे, आर्क डोळ्याच्या बाहेरच्या भागाले लागते, म्हणून झोंबते, अन् भरूनही येते. हा उजेड बाहेरच्या भागातून सरळ आत जाते, आतल्या पडद्यावर. त्या पडद्याले दुखणं समजतच नाही. ज्या जागेनं आपण नेमकं पाहतो, अक्षर, सुईचं नाकं, माणसाचं तोंड, तीच जागा जळाली आहे. ते आता परत येणार नाही. डावा डोळा चांगला आहे. तो वाचवायचा असन तर बरोबरच्या चष्म्याशिवाय त्या मशीनच्या जवळ जायचं नाही. बीनं पिशवीतून हिरवा चष्मा काढून दाखवला. डॉक्टरीणबाई म्हणे, "हा दिसणारा उजेड अडवते, आजी. न दिसणारा यातून साध्या काचेतून जाईन तसा जाते."

येताना जैबुनबी खिडकीशी बसलती. हिरवा चष्मा मांडीवर उलटा-सुलटा करत होती. मंग म्हणे, "विमल, मी सूर्याकडे धरून पाह्यलता ना वं." मी म्हटलं, "पाह्यलता."

दुसऱ्या दिवशी अमर ठेल्यावर आला. मले वाटलं, शरमेनं तोंड दाखवणार नाही. तो बोंडा खात खात म्हणे, "वेल्डरचे डोळे असेच राहतात, विमलताई. आर्कनं आधीचंच झालं असन. अन् मी चष्मा दिलता की. बीनंच तर पास केलता." माहा झारा कढईतच राह्यला. वर म्हणते कसा, "दुखत तर नाही ना त्याले? मंग सोमवारपासून पाठवा. काम अडलं आहे."

असा संताप आला मले की कढई त्याच्या पायावर ओतावी. बीनं इतके वर्स फुकट यांच्या पोट्ट्याईचे डोळे राखले, अन् त्याच बीचं नाव यानं ढाल करून पुढं धरलं.

पण सोमवारी शादाब गेला. मायलेकाचं भांडण गल्लीनं ऐकलं. तो म्हणे, "डाव्यानं दिसते ना अम्मी. गन मलेच येते. मी सोडली तर अमरभाऊ बाहेरून माणूस आणन. नवा चष्मा येऊनच राह्यला." ती म्हणे, "तो चष्मा तुह्या बापाच्या जनाज्यापासून येऊनच राह्यला." पोरगा ऐकायले तयार नाही. डोळा दुखत नव्हता ना. दुखला असता तर तो घरी बसला असता.

जैबुनबी मंग माह्या ठेल्याच्या बाकावर येऊन बसली. दुकानाकडे तोंड करून, डोक्यावर ओढणी ओढून. चहाही घेईना. समोर शादाब हिरवा चष्मा लावून गन चालवत होता, लाल खुर्च्यावर गिऱ्हाईक बसलं होतं. गनचं तोंड जरा उचललं की बी बाकाची कड धरे. मले ते पाहवत नव्हतं. मी कांदा कापायच्या निमित्तानं पाठ करून बसली.

दुपारी शाळेचा ऑटो आला. अमरची पोरगी प्रेरणा, दुसरी-तिसरीतली, दप्तर घेऊन उतरली. तिची शाळा सुटली की ती बापाच्या दुकानात येते अन् तिथून बाप तिले मोटारसायकलनं घरी नेते. ऑटोचा हॉर्न ऐकताच अमर दोन्ही हात वर करून ओरडला, "बंद कर, शादाब, बंद कर." मशीन बंद झाली. त्यानं बटण स्वतः पाह्यलं, मंगच पोरीले आत घेतलं.

"हे रोजचंच?" बीनं विचारलं.

"रोजचंच," मी म्हटलं. "लाडाची आहे ना." अन् बोलता बोलता माहे हात थांबले. मशीन आली तवापासून मी हे पाहत आली होती. गिऱ्हाइकासाठी तो मशीन बंद करत नव्हता, माह्या चहासाठी करत नव्हता. फक्त या पोरीसाठी करे. म्हणजे त्याले माहीत होतं. त्या बसवणाऱ्या माणसाचा शब्दन् शब्द त्याले पाठ होता.

जैबुनबी उठली. मी तिच्या मागं गेली, गॅस बंद करायचंही सुचलं नाही.

दुकानात ती हळूच बोलली. एरवी गल्लीभर ऐकू जाणारी बाई, पण तवा आवाज असा की लोक ऐकायले जवळ आले. रूपसिंग आला, बाजूच्या दुकानातले दोघं आले.

"अमर, चालू कर मशीन."

"बी, तुम्ही बाहेर बसा. पोरीले घरी सोडून येतो मंग करतो."

"कायले? आताच कर. पोरगी उभी आहे तर काय झालं? दुखत तर नाही."

बीनं शादाबच्या डोळ्यावरचा हिरवा चष्मा काढला, ओढणीनं पुसला अन् अमरसमोर धरला. "हा लाव तिले. मी पास केलता ना? तूच सांगत फिरून राह्यला गल्लीत. लाव न."

त्यानं हात पुढं केला नाही. पोरगी बिचारी दोघांकडे पाहत होती, तिले काय समजणार. तिनं चष्मा घ्यायले हात केला, तसा अमरनं तिले झटक्यात मागं ओढलं. इतक्या जोरानं की तिचं दप्तर पडलं.

"बी, लेकरू आहे ते," तो म्हणे.

जैबुनबीनं शादाबचा दंड धरून त्याले पुढं आणलं. "अन् हे?" ती म्हणे. "हे काय आहे मंग?"

अमर खाली पाहे. नागपूरचं सारं गोड बोलणं कुठं गेलं कोण जाणे. खुर्चीवरचं गिऱ्हाईक उठलं अन् मोबाइल खिशात टाकून रस्त्यावर जाऊन उभं राह्यलं. रूपसिंगनं लाल खुर्च्या एकात एक घालून बाहेर नेल्या, कोणी सांगतलं नव्हतं त्याले.

शादाबनं आधी आईकडे पाह्यलं, मंग अमरनं मागं ओढलेल्या त्या पोरीकडे. तिच्या दंडावर बापाची बोटं अजून आवळलेली होती. शादाबनं मशीनची मेन बंद केली, पकड घेतली, गनच्या तोंडावरची तांब्याची तार उकलली अन् क्लिप अमरच्या टेबलावर ठेवली.

"खोली उभी राह्यली की बोलवा, भाऊ," तो म्हणे अन् आईसंग निघाला.

पुढं अमरनं बराच फणफणाट केला. बीनं धंदा बुडवला म्हणे, गिऱ्हाइकासमोर इज्जत घेतली म्हणे. बाहेरून माणूस आणायचंही पाह्यलं, तो भेटला नाही. अन् गल्लीतल्या एकाही वेल्डरनं त्याच्या कामाले हात लावला नाही. शेवटी पत्र्याची खोली उभी राह्यली, तिले कूलर लागला. खरे चष्मे आले, काठावर छापलेले. ते यायले आठवडाही लागला नाही. आठवडाही नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी पोराचा डोळा गेला. अन् या अमरनं खोलीवर 'आधी सुरक्षा, मग काम' अशी पाटी लावली, पाटीशेजारी उभं राहून फोटो काढला, अन् लोक त्याले शाबासकी देऊन राह्यले. माह्याकडे चहा सांगतला होता त्या दिवशी. मी म्हटलं, दूध फाटलं.

शादाब आता खोलीच्या आत, खरा चष्मा लावून काम करते. क्लिप लोखंडाले लावल्याशिवाय गन उचलत नाही. डावा डोळा शाबूत आहे. बीचा ओटाही चालू आहे. पण आता कोणी आलं की आलूच्या आधी ती त्याले कॅलेंडरसमोर उभं करते. एक डोळा झाक, तारखा पाह्य. दुसरा झाक, पाह्य. सगळ्या दिसल्या तरच बस. एखादी गेली असन तर आलू नाही, यवतमाळची एसटी. रूपसिंग कुरकुरते, पण डोळा झाकून उभा राहते.

परवा मी आलू घेऊन गेली तवा ओट्यावर कोणी नव्हतं, मायलेकच बसले होते. बी अचानक म्हणे, "शादाब, डावा झाक अन् माह्याकडे पाह्य."

त्यानं डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"काय दिसते?"

"ओढणी दिसते. कानातल्या बाळ्या दिसतात. मागचं दार दिसते. विमलकाकूचं टोपलं दिसते."

"अन् मी?"

शादाबनं मान जरा इकडे, जरा तिकडे करून पाह्यलं. मंग त्यानं डाव्या डोळ्यावरचा हात काढला.

"आता दिसली, अम्मी," तो म्हणे.

जैबुनबीनं माह्या हातातून आलू घेतले अन् आत गेली.